माजिदाची सीट

अब्दुर्रहमानने आयुष्यात वरचं मॉडेल कधी घेतलं नाही, याचा हिशोब माजिदाला तोंडपाठ होता. फ्रिज घेतला तो एका दाराचा. कपडे धुवायचं मशीन घेतलं ते असं, की अर्धं काम मशीन करायचं आणि अर्धं माजिदा. व्हॅन घेतली तेव्हा शोरूमवाल्याने विचारलं, "एसीवाली दाखवू?" तर याने विचारलं, "काचा खाली होतात ना?" होत होत्या. तेवढ्यावर चौदा उन्हाळे निघाले.

"माझ्या वडिलांना तीन मुली," माजिदा पाहुण्यांसमोर सांगायची. "मोठी बी.ए., मधली शिलाईत उस्ताद. हे बघायला आले आणि बोलले, यात सगळ्यात साधी कुठली?"

"खोटं," अब्दुर्रहमान चहात बिस्किट बुडवत म्हणायचा. "मी विचारलं होतं, सगळ्यात टिकाऊ कुठली."

असा माणूस एका शुक्रवारी जेवण झाल्यावर हात पुसत म्हणाला, "मी स्पोर्ट्स कार घेतोय. लाल रंगाची. दोन दरवाजे, दोन सीट."

माजिदाने आधी त्याच्या ताटाकडे बघितलं. मासळीतून काही झालं असेल, असं तिला वाटलं. अलिजा, त्यांची मुलगी, मोबाइल बाजूला ठेवून सरसावून बसली. नारपोलीचा कापडाचा कारखाना आता तीच चालवत होती. जुने लूम भंगारात गेले होते, नवी मशिनं आली होती, आणि अब्बांना काम उरलं होतं ते फक्त सकाळी येऊन दारापाशी खुर्चीत बसण्याचं. वर्षभर त्यांनी कशातच मन घातलं नव्हतं. आता घातलं ते थेट लाल रंगाच्या गाडीत.

"दोनच सीट का?" अलिजाने विचारलं.

"चाळीस वर्षं माझ्या गाडीत माणसं कमी आणि कापडाचे ताके जास्त बसले. तुझ्या अम्मीला पहिल्यांदा म्हसळ्याला माहेरी नेली, तेव्हाही तिच्या मांडीवर ताका होता. माणगावच्या व्यापाऱ्याला द्यायचा होता. आता अशी गाडी पाहिजे, जिच्यात ताका ठेवायला जागाच नाही. मी आणि ही. बस."

माजिदाला हे आवडलं. इतकं आवडलं, की ते दिसू नये म्हणून ती खरकटी ताटं उचलायला लागली. आणि ताटं उचलता उचलता तिला शंका आली. नवऱ्याला ती ओळखून होती. हा शोरूममध्ये जाईल, तीन मॉडेल बघेल, आणि बोट सगळ्यात खालच्यावर ठेवेल.

"माझी एक अट आहे," ती वळून म्हणाली. "या वेळी खालचं मॉडेल घेतलंत, तर मी त्यात बसणार नाही. अल्लाची कसम."

माजिदाची कसम हा थट्टेचा विषय नव्हता. एका कसमेपायी तिने नणंदेच्या घरचं पाणी अकरा वर्षं प्यायलं नव्हतं, आणि नंतर गेली तेव्हाही तिने सरबतच मागितलं होतं.

"वरचंच घेऊ," अब्दुर्रहमान म्हणाला. "दोन सीटच्या गाडीत तू नसलीस, तर दुसऱ्या सीटवर काय, ताका ठेवू?"

रविवारी तिघं ठाण्याला निघाली. कशेळीला नेहमीसारखी कंटेनरांची रांग लागली होती. तासभर गाडी हलली नाही, पण अब्दुर्रहमान एकदाही चिडला नाही. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि अत्तर लावलं होतं. माजिदाने मनातल्या मनात त्याच्या नावावर एक चांगली नोंद केली.

शोरूममध्ये प्रितम नावाचा तरुण सेल्समन पुढे आला. त्याने पाणी विचारलं, कॉफी विचारली, आणि मग टॅबवर बोट सरकवत तिन्ही मॉडेलं समजावली. इंजिन तिन्हींचं एकच. खालच्यात साध्या गोष्टी. मधल्यात मोठी चाकं आणि चांगले स्पीकर. वरच्यात सगळंच: अस्सल चामड्याच्या सीट, त्याही हाताने शिवलेल्या, थंड होणाऱ्या आणि गरम होणाऱ्या.

"गरम कशाला?" माजिदाने विचारलं.

"थंडीत आंटी, पाठीला आराम पडतो."

"भिवंडीत?"

प्रितम हसला. "ऑप्शन असावा, आंटी."

खालच्या आणि वरच्या मॉडेलमध्ये अकरा लाखांचा फरक होता. तो आकडा ऐकताना अब्दुर्रहमानने पाठीमागे बोटांवर शून्यं मोजली, हे फक्त माजिदाला दिसलं. पण गडी डगमगला नाही. वरच्या गाडीत बसला, स्टिअरिंगवर हात ठेवला, "छान आहे" म्हणाला. मेहुणीच्या मुलाचा साखरपुडा बघताना म्हणतो, अगदी तसं. मग उतरला आणि फॉर्म भरायच्या टेबलाकडे निघाला. वाटेत खालचं मॉडेल उभं होतं. त्याचा दरवाजा उघडा होता. अब्दुर्रहमान आत वाकला आणि तिथेच थांबला.

त्या गाडीच्या सीट कापडाच्या होत्या. काळ्या-करड्या चौकड्या, आणि त्यातून बारीक लाल धागा.

त्याचा हात खिशात गेला. माजिदाने डोळे मिटले. त्या खिशात काय असतं, ते तिला माहीत होतं: धागे मोजायचं पितळेचं घडीचं भिंग. नमाजची टोपी घरी राहिली असेल, भिंग कधी राहिलं नाही. याच भिंगाने त्याने लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तिच्या ओढणीचे धागे मोजले होते, आणि बायकोशी बोललेलं त्याचं पहिलं अख्खं वाक्य होतं, "हे तुझ्या वडिलांना महागात पडलं."

अब्दुर्रहमानने भिंग उघडून सीटवर ठेवलं, डोळा लावला आणि भिंगासोबतच्या सुईच्या टोकाने धागे मोजायला लागला. एक मिनिट गेलं, दोन गेली. शोरूममधली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"सर, काही प्रॉब्लेम?" प्रितमने विचारलं.

"हे कुणी विणलंय?"

"सर, ते… फॅब्रिक आहे. बेस मॉडेल आहे ना, म्हणून. टॉपमध्ये लेदर येतं."

"कापड खालच्यात?" अब्दुर्रहमान सरळ झाला. "अरे, चामडं तर जनावराच्या अंगावर आयतं येतं. हे माणसाने विणलंय. दोन पदर आहेत, दोन. वरून चौकडा, खालून साधा, आणि दोन्ही एकाच वेळी मशीनवर बांधलेत. धागा आधी रंगवलाय, मग विणलाय. अलिजा, इकडे ये. बघ, लाल धागा कुठून वर येतो ते."

अलिजा वाकली. बापलेकीची डोकी एकमेकांना टेकली. वर्षभरात पहिल्यांदा तो तिला कापडातलं काही दाखवत होता. लूम भंगारात गेल्या दिवसापासून दोघांत फक्त लाइटचं बिल आणि कामगारांच्या सुट्ट्या एवढंच बोलणं उरलं होतं.

"अब्बा, हे आपल्या मशिनवर निघेल?"

"निघेल. पण तुला उभ्या धाग्यांचे दोन बीम लावावे लागतील. आणि घाई चालणार नाही."

माजिदा हे सगळं बाजूला उभी राहून बघत होती. नवऱ्याचा चेहरा असा उजळलेला तिने कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. तिला आनंद झाला आणि तेवढाच रागही आला, कारण पुढे काय होणार, ते तिला दिसत होतं.

झालंही तेच. अब्दुर्रहमान भिंग हातात घेऊन तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तोंड अपराध्याचं आणि डोळे लहान मुलाचे.

"माजिदा, पैशासाठी नाही. कसम."

"कसम माझ्याकडे आहे. तुम्ही दुसरं काहीतरी घ्या."

"एकदा हात तर लावून बघ."

बसायचं नाही अशी कसम होती, हात लावायचा नाही अशी नव्हती. माजिदा पलीकडच्या दाराशी गेली, वाकली, आणि दुसऱ्या सीटवर, म्हणजे तिच्या सीटवर, तळवा ठेवला.

त्या तळव्याची एक वेगळी कमाई होती. लग्नानंतरची वीस वर्षं कारखान्याचा माल गच्चीवर तपासला जायचा, आणि तो माजिदा तपासायची. ताका उलगडत जायचा, ती त्यावरून हात फिरवत जायची, आणि खोट दिसायच्या आधी बोटांना कळायची. बिनखोटीचा तो फ्रेश, खोटीचा तो सेकंड. फ्रेश बाजारात जायचा. सेकंड अर्ध्या भावात विकला जायचा, आणि तेही नाही झालं तर घरी राहायचा. घरातल्या चादरी सेकंडच्या, पडदे सेकंडचे, मुलीच्या शाळेची पिशवीसुद्धा. ईदला स्वतःचा सूट बेतताना माजिदा कापड असं फिरवायची, की खोट शिवणीत जाईल. ती कधी कुणाला दिसली नाही. पण आपल्या अंगावर ती कुठे आहे, हे तिला नेहमी माहीत असायचं.

सीटवरून फिरता फिरता तिचा अंगठा थांबला. मागे गेला. परत थांबला.

"खोट आहे," ती म्हणाली.

"कुठे?" अब्दुर्रहमान धावत वळसा घालून आला. तिने नख ठेवलं. त्याने भिंग लावलं आणि सुईच्या टोकाने धागे मोजले. मग म्हणाला, "आडवा धागा एकाच्या जागी दोन गेलेत. बोटभर."

प्रितमने वाकून बघितलं, मोबाइलचा उजेड पाडून बघितलं. "सर, खरं सांगू? दिसत पण नाही."

"तुला दिसत नाही. हिने न बघता सांगितलं."

प्रितम आत जाऊन मॅनेजरला भेटून आला. "सर, गाडी तयार आहे, आज बुक केली तर शनिवारी घरी. आणि त्या… धाग्यासाठी आम्ही पन्नास हजार कमी करतो."

माजिदा हाताची घडी घालून उभी राहिली. खालचं मॉडेल, त्यात सेकंडचा माल, त्यावर सूट. तिच्या नवऱ्यासाठी याहून मोठी मेजवानी कुणी मांडली नसती. आता याचा चेहरा खुलणार, हा "साठ कर" म्हणणार, आणि आपण म्हसळ्याला एसटीने जाणार.

"नको," अब्दुर्रहमान म्हणाला.

"सर, साठ करतो."

"अरे, नको म्हटलं ना. माझ्या सीटला खोट असती तर चाललं असतं. ही तिची सीट आहे. तिची फ्रेश पाहिजे."

"दुसरी गाडी मागवायची तर तीन महिने लागतील, सर."

"लागू देत. आणि आली की आधी ही येऊन हात लावेल. हिने पास केली तर पैसे. तसं लिही फॉर्मवर."

प्रितमने पेन उचललं. "काय लिहू, सर?"

"लिही, डाव्या सीटचं कापड मालकीण तपासणार."

प्रितमने लिहिलं. माजिदाने पर्स उघडून त्यात रुमाल शोधायला घेतला, आणि तो बराच वेळ सापडला नाही.

"अम्मी," अलिजा हळूच म्हणाली, "पण मॉडेल खालचंच आहे. कसमेचं काय?"

"कसम मोडेन," माजिदा म्हणाली.

अब्दुर्रहमानने चमकून वर बघितलं. नणंदेच्या पाण्यासाठी जी बाई अकरा वर्षं हलली नव्हती, ती अकरा मिनिटांत हलली होती.

"कसम मोडली की कफ्फारा असतो," ती पुढे म्हणाली. "दहा गरिबांना जेवण, नाहीतर दहा जणांना कपडा. मी कपडा देणार. म्हसळ्याला आमच्या मोहल्ल्यात दहा गरजू बाया आहेत, मला नावं माहीत आहेत."

"कापड कारखान्यातून घे," अब्दुर्रहमान लगेच म्हणाला. "मागे थोडा माल पडलाय…"

माजिदाने नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"फ्रेश," तो म्हणाला. "फ्रेशच देऊ."

परत येताना कशेळीला पुन्हा रांग होती. अलिजा गाडी चालवत होती, आणि अब्दुर्रहमान मागे बसून भिंग शर्टाच्या टोकाने पुसत होता. बऱ्याच वेळाने त्याचा आवाज आला.

"तरी अकरा लाख वाचलेच."

"कधी बोलताय, याचीच वाट बघत होते," माजिदा म्हणाली.

तीन महिन्यांनी गाडी आली. माजिदाने दोन्ही सीटवर हात फिरवला, उलट-सुलट फिरवला, आणि मान हलवली. तेव्हा कुठे प्रितमने श्वास सोडला.

पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर दोघं म्हसळ्याला निघाली. गाडी बघायला नारपोलीची अर्धी गल्ली जमली होती. डिकीत दोन जणांच्या बॅगा कशाबशा मावल्या, आणि झाकण लागलं. मग अलिजाने कारखान्यातून कफ्फाऱ्याचं कापड आणलं. बांधलेला, जाडजूड, फ्रेश मालाचा ताका. ती तो हातात घेऊन डिकीकडे गेली, मागे आली, सीटमागे बघितलं, वर बघितलं.

"अब्बा, हा कुठे ठेवू?"

अब्दुर्रहमानने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

माजिदाने काच खाली केली आणि दोन्ही हात पुढे केले. "आण इकडे. माझ्या मांडीवर दे."