वेळेआधी भरलेल्या बाटल्या

झुलाल आबांचा फोन आला तेव्हा सुलक्षणा मोरीत पांढऱ्या बादलीपुढे बसली होती.

"माय, मी बसमा बठनू. डोया दखाडाना शे."

सासरे पारोळ्याकडून दोन तासांत धुळ्याला पोचणार. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरत होतं, पण पुढच्या महिन्यात. नवरा नवल पाचोऱ्याला नोकरीला, शनिवारीच घरी यायचा. सुलक्षणा बादलीकडे बघत राहिली. झाकणातल्या भोकात बसवलेल्या वाकड्या नळीतून अजून बुडबुडे येत होते.

बादलीत बिअर होती. लग्नाआधी ती संभाजीनगरला एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. आता देवपूरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायची आणि उन्हाळ्यात घरी बसायची. बसणं तिला जमत नसे. एका दुपारी तिनं सामान मागवलं: झाकणाची बादली, नळी, थर्मामीटर, बाटल्यांना बूच दाबायचं हत्यार, आणि हायड्रोमीटर. ही काचेची कांडी द्रवात तरंगते आणि किती साखर उरली ते सांगते. मोड आलेलं, वाळवलेलं जव तिनं लग्नातल्या मोठ्या पातेल्यात उकळलं. घरी असं करायला कायद्यानं मुभा नाही हे तिला ठाऊक होतं. नवललाही ठाऊक होतं. तो फक्त "आबांना कळू देऊ नको" म्हणाला होता.

आबा एके काळी खूप प्यायचे. नवलच्या लहानपणी भिकुबाई, त्याची आई, पोरांना घेऊन माहेरी निघून गेली होती. पुढे आबांनी सोडली ती सोडलीच. आता भिकुबाई नव्हती आणि आबांसमोर कुणी दारूचं नावही काढत नसे.

तिनं हायड्रोमीटर सोडला. कांडी अजून वर तरंगत होती. साखर शिल्लक होती, अजून चार दिवस तरी थांबायला हवं होतं; नाहीतर बंद बाटलीत वायू कोंडत जातो. पण मोरीत बादली आणि दारात आबा, हे तिला डोळ्यांपुढे आणवेना. तिनं घाईघाईनं बाटल्या भरल्या, बुचं दाबली आणि मागच्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवल्या. कूलर त्याच खोलीत होता, तीच सगळ्यांत गार.

आबांनाही तीच खोली द्यावी लागली.

डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन करू म्हटलं. ऑपरेशनच्या दिवशी दुपारी आबा डोळ्याला पट्टी बांधून कूलरसमोर आडवे झाले. सुलक्षणानं आदल्या संध्याकाळी बाजूला काढलेली एक बाटली स्वयंपाकघरात उघडून पाहिली. फेस उसळून थेट छताला लागला. बाटली तिच्या हातातून निसटली आणि ओट्याखाली गरगरत गेली.

म्हणजे कपाटातल्या सगळ्याच फुटायच्या बेतात होत्या. बाहेर ऊन रणरणत होतं. आबांचं डोकं कपाटापासून हातभर अंतरावर होतं.

ती खोलीत गेली, परत आली. पुन्हा गेली.

"आबा, तुम्ही पुढच्या खोलीत झोपता का?"

"तठे उकडस."

"इथं मुंग्या आहेत."

"माले नई चावत."

ती दारातून हलेना. तेव्हा आबा कोपरावर उठले. "त्या कपाटमा काय शे? मघापाशी तू त्यानाकडेच दखी राहिनी. एकच डोया बांधेल शे मन्हा."

"बिअर आहे, आबा. मी बनवलेली. घाईत भरली. बाटल्या फुटू शकतात."

आबा भिंतीला हात लावत उठले आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले.

सुलक्षणानं नवलचं हेल्मेट घातलं, थंडीतलं जाकीट चढवलं. गोधडी नळाखाली भिजवली आणि कपाटाचं दार उघडताच आतल्या बाटल्यांवर टाकली. तेवढ्यात आत फटाक्यासारखा आवाज झाला. गोधडी उडाल्यासारखी हलली, काच खळखळली.

"सुलक्षणा!"

आबा अनवाणी दाराशी आले होते.

"थांबा तिथंच! पाय ठेवू नका, काच आहे!"

ते चौकट धरून उभे राहिले. "लागनं का तुले?"

"नाही."

तिनं एकेक बाटली ओल्या गोधडीत गुंडाळून मोरीत नेली, टॉवेल दाबून बूच काढलं. फेस मोरीभर पसरला. आंबूस, गोड, दाट वास घरभर झाला. आबांनी उपरणं नाकाला लावलं, मग काढलं, मग पुन्हा लावलं. ते बैठकीत फेऱ्या घालू लागले. मध्येच म्हणाले, "बठ्ठं वती दिधं का?"

"अजून थोड्या ओतायच्या आहेत."

"लवकर कर."

त्या आवाजानं ती दचकली. राग असता तर तिला कळला असता. आबा काळा चष्मा लावून सरळ बाहेर उन्हात गेले आणि शेजारच्या लताबाईंच्या ओट्यावर जाऊन बसले. तिनं शेवटची बाटली ओतली, फरशी पुनःपुन्हा फिनेलनं पुसली, तरी ते दिवेलागणीपर्यंत घरात आले नाहीत. आल्यावर जेवले आणि पुढच्याच खोलीत आडवे झाले.

सकाळी पट्टी काढायला ती त्यांना रिक्षातून घेऊन निघाली. पांझरेच्या पुलावर आबांनी विचारलं, "तू पेस का?"

"थोडी. कधीतरी."

"मंग कसाले इतला उपद्व्याप?"

तिनं खरं तेच सांगितलं. "घरी बसवत नाही, आबा. काहीतरी होताना बघावंसं वाटतं."

आबा नदीकडे तोंड करून बसले. पूल संपला, चौक गेला.

"माले नई सांगं ते तुन्हं चुकनं," ते म्हणाले. "मी तठे झोपेल व्हतू."

"हो."

"आनि मी शे तवलोंग घरमा तो वास नको. मन्हावर मन्हा भरवसा नई."

दवाखान्याच्या दाराशी पायरी त्यांना नीट दिसली नाही. त्यांनी हात पुढे केला. सुलक्षणानं तो धरला, आणि दोघं सावकाश आत गेली.