खाली बसा, कंडक्टरबाई

अठ्ठावीस वर्षं चालत्या बसमध्ये कशालाही न धरता उभ्या राहिलेल्या बाईला तोल शिकवायचा म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यातला प्रकार. निदान कंडक्टरबाईंचं स्वतःबद्दल हेच मत होतं, आणि त्यांचं मत बदलायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नसे.

ओढ्यावर त्या आल्या होत्या ते खरं तर डबा आणि कोरडा टॉवेल घेऊन. लेकीची परीक्षा होती. फळीवर उभं राहून वल्हं मारायला शिकवायचा परवाना हवा, तर तीन अगदी नवख्या माणसांना तासाभरात उभं करायचं आणि पुलापासून धक्क्यापर्यंत आणायचं. मागच्या वेळी ती नापास झाली होती. ‘सगळ्यांचं मन सांभाळते, ताबा नाही,’ असा शेरा होता. आजही नापास झाली, तर पुढची संधी दोन वर्षांनी. आणि नेमकी आजच एका नवख्यानं दांडी मारली.

“आई, तूच जॅकेट घाल,” लेक म्हणाली. “पण पाण्यात मी तुझी कुणी नाही, लक्षात ठेव.”

“बरं,” बाई म्हणाल्या. म्हणजे त्यांनी ऐकलं नव्हतं.

पाणी कमरेएवढं, अगदी संथ. बाईंच्या एका बाजूला दातांचा डॉक्टर, ताडमाड उंच. दुसऱ्या बाजूला निवृत्त मुख्याध्यापिका, फळीच्या कडा घट्ट पकडून. तिघंही गुडघ्यांवर.

“मी सांगितल्याशिवाय कुणी उठायचं नाही,” लेकीनं बजावलं. काठावर परीक्षक वही उघडून बसले होते.

वीस मिनिटं गेली तरी मुख्याध्यापिका हात सोडेनात. बाईंचा जीव खालीवर व्हायला लागला. आता पोरीचं हसं होणार. न राहवून त्या सरळ उठल्या. गुडघे सैल, नजर समोर. फळी हललीसुद्धा नाही.

“बघा, काही अवघड नाही,” त्या म्हणाल्या.

ते ऐकून डॉक्टरही उठला आणि धप्पकन पाण्यात गेला. त्याची फळी मुख्याध्यापिकांच्या फळीवर आदळली आणि त्यांनी डोळेच मिटून घेतले. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं.

“कंडक्टरबाई, खाली बसा.”

“अगं, मी कुठे पडले?”

“पडला नाहीत. पण मी सांगितलं नव्हतं. बसा, आणि मी म्हणेपर्यंत उठू नका.”

आवाज जराही चढलेला नव्हता. बाईंचे कान तापले. डेपो मॅनेजर असो की दारू पिऊन चढलेला प्रवासी, त्यांना गप्प बसवायची आजवर कुणाची टाप नव्हती. उत्तर अगदी जिभेवर आलं. पण आपण बोललो की पोर विरघळणार आणि विरघळली की परवाना गेला, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी उत्तर गिळलं आणि बसल्या.

बसल्यावर लेक नीट दिसली. पाण्यात उतरून ती मुख्याध्यापिकांच्या फळीला धरून उभी होती. “पायांकडे नको, धक्क्याकडे बघा. एक पाय आला? छान. आता दुसरा.” वेळ पळत होता, पण तिनं घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या आणि आपल्याच धाडसाला हसायला लागल्या. मग डॉक्टर उठला, कानावर शेवाळ घेऊन. बाईंचा नंबर शेवटचा. गुडघ्यांना रग लागली होती, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. ही आपली पोर, या विचारानं त्यांचा ऊर भरून आला होता.

“उठा, कंडक्टरबाई.”

तिघांच्या फळ्या धक्क्याला लागल्या तेव्हा तास संपायला चार मिनिटं होती. परीक्षकांनी वही मिटली आणि परवान्यावर सही केली.

दुसऱ्या दिवशी डेपोत ड्रायव्हरनं विचारलं, “काय बाई, राहिलात का फळीवर उभ्या?”

“उभं राहण्याचं काय एवढं कौतुक,” बाई म्हणाल्या. “लेकीनं मला खाली बसवलं. चारचौघांत, एका वाक्यात. तू बसवून दाखव बरं.”