पेणच्या कारखान्यातला मंद संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पेणमधल्या गणपतींच्या एका कारखान्यात, खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझ्यासारख्याची गोष्ट कोणी ऐकेल का, अशी शंका मला नेहमी येते. पण माझ्या पोटात जे आहे ते इतके नवलाचे आहे, की सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझी जुळणी रोह्याच्या एका दुकानात झाली. कारखान्याचे मालक हैबतराव यांनी मला एसटीतून मांडीवर बसवून आणले. त्यांची सून मृणाली ही माझी खरी सोबतीण. मूर्ती रंगवण्याआधी पीतांबर कोणता, शेला कसा, प्रभावळ कशी, हे ती माझ्या पडद्यावर काढून मंडळांना दाखवी. "आमच्या सूनबाईच्या हाताचा वेग बघा," असे हैबतराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्या वेगात थोडा वाटा माझाही आहे, असे मानून मी मनातल्या मनात फुलत असे.

मग मृणाली बाळंतपणाला रोह्याला, माहेरी गेली. इकडे मूर्ती घासताना उडणारी पांढरी धूळ माझ्या पंख्यात बसली. मी तापून मध्येच बंद पडू लागलो. एका फिरत्या दुरुस्तीवाल्याने आत काहीतरी बदलले आणि "आता तापणार नाय" म्हणून तो गेला. मी तापेनासा झालो, हे खरे. पण माझ्यातले काय गेले, ते मलाच कळेना.

मृणाली बाळाला घेऊन परतली आणि माझ्यासमोर बसली. एक रंग निवडावा आणि वाट बघत राहावे. तो रंग उमटेपर्यंत पुढचा कोणता घ्यायचा, हे ती विसरून जाई. तिने मला मात्र दोष दिला नाही.

"माझंच डोकं चालेनासं झालंय, सगुणाकाकी. बाळ झाल्यापासून मी अशीच झालेय."

सगुणाकाकी मूर्तींचे डोळे रंगवतात. कुंचला न उचलता त्या म्हणाल्या, "डोकं चालतंय गो. झोप कुठं हाय तुला? पोर रात्रभर नाचवतंय."

हैबतराव हळूच म्हणाले, "राहू दे पोरी. यंदापासून चित्रांचं काम बाहेर देऊ. हा डबा जाईल भंगारात."

ते मायेनेच म्हणाले. पण "बरं, बाबा" म्हणताना मृणालीचा आवाज अगदी बारीक झाला. 'ही नव्हे, मंद मी आहे' असे मला ओरडावेसे वाटले. पण आम्हांला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

दोन दिवसांनी तिची मैत्रीण नम्रता आली. रोह्यात तिचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. ती थेट माझ्यापुढेच बसली.

"बाळ बघायला आलीस की डबा?" मृणालीने विचारले.

"बाळ झोपलंय, हा तरी जागा हाय. पण एवढा रडतोय का गो?"

नम्रताने पेनड्राइव्ह लावून माझी तपासणी सुरू केली. ती म्हणाली, "प्रोसेसरच्या आत कॅश नावाची इवलीशी जागा असते. सारखं लागणारं सगळं तो तिथे हाताशी ठेवतो."

"म्हणजे माझ्या गुडघ्यापाशी रंगाची वाटी असते, तशी?" सगुणाकाकींनी विचारले.

"तशीच. ती नसती तर?"

"तर दर ठिपक्याला उठून माळ्यावरच्या बरणीत कुंचला बुडवावा लागला असता. एक डोळा होईस्तवर विसर्जन आलं असतं!"

मी ऐकत राहिलो. नखाएवढ्या जागेत, तुमची पापणी लवते न लवते तोवर लाखो वेळा उचलणे आणि ठेवणे चालते! मी ज्याला आपला वेग समजत होतो, तो सगळा तिथला होता.

"याची कॅश तर दिसतेय," नम्रता म्हणाली.

मृणालीने मान खाली घातली. "म्हणजे याचं सगळं ठीक आहे. दोष माझाच."

"थांब गो. दिसते म्हणजे चालते असं नाय. हा वेग बघ. कॅशचा आणि मोठ्या मेमरीचा, म्हणजे माळ्यावरच्या बरणीचा, एकच येतोय. वाटी हाय, पण तिला कुणी हातच लावत नाय."

तिने मला पुन्हा सुरू करून आतल्या सेटिंगचे पान उघडले. कॅशपुढे 'बंद' असे होते. हैबतरावांना तो दुरुस्तीवाला आठवला; मी तापू नये म्हणून त्याने धूळ झाडायची सोडून कॅशच बंद केली होती. ते चरफडले. नम्रताने आधी माझ्या पंख्यातली धूळ झाडली, मग ती ओळ 'चालू' केली. पुन्हा मोजले, तेव्हा कॅशचा वेग मेमरीला कितीतरी मागे टाकून गेला. काय सांगू मित्रांनो! बंद घराच्या साऱ्या खिडक्या एकदम उघडाव्यात, तसे मला झाले.

मृणालीने पीतांबरावर रंग सोडला. बोट उचलायच्या आत तो भरला. तिने दुसरा दिला, मग तिसरा.

"मी नव्हते," ती पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "बाबा, मी नव्हते!"

बाळ दचकून रडू लागले. हैबतरावांनी त्याला उचलून खांद्यावर घेतले.

"मग भंगारवाल्याला काय सांगू?"

"सांगा, सून देत नाय."

मित्रांनो, आमच्या पंख्यातली धूळ वेळच्या वेळी झाडत जा. आणि आपल्यातले कोणी एकाएकी मंद झाले, तर त्याला मोडीत काढण्याआधी जरा जवळ बसा. त्याच्या आत काय बंद पडले आहे, ते बघा. बिचाऱ्याला स्वतःलाही ते ठाऊक नसते.

आत्ता मृणालीने प्रभावळीला मोरपिशी रंग दिला आहे. पुढचा कोणता, ते मला माहीत नाही. ती मात्र कुठेच थांबत नाही.