बाहेरचे लोक

स्टिकरचा कोपरा सुटला होता. पुढच्या सीटच्या पाठीवर, जेवणाच्या फळीच्या जरा वर, कंपनीचं निळं बोधचिन्ह चिकटवलेलं – आणि सुटलेल्या कोपऱ्यातून खालचा हिरवा रंग डोकावत होता, कुठल्या तरी दुसऱ्याच कंपनीचा, आणि त्याच्याही खाली बहुधा तिसरीचा. त्यानं नख घातलं. घालू नये हे कळत होतं – खपली दिसली की तुमचा हात गेलाच, असं बायको नेहमी म्हणायची – पण नख गेलं, आणि स्टिकर चर्रकन अर्धा सोलून निघाला. खालचा डिंक पिवळट, चिकट, कुणाकुणाच्या बोटांच्या मळानं काळवंडलेला. शी! त्यानं बोट विजारीला पुसलं. विजार वैमानिकाच्या गणवेशाची होती.

विमान भाड्याचं. चालवणारे भाड्याचे, पाणी देणारी पोरगी भाड्याची. रंग तेवढा आमचा. ज्या कंपनीत त्याचे केस पिकले ती कंपनी आता बाहेरच्या ठेकेदाराकडून विमानं आणत होती, माणसांसकट, आणि आपल्याच मार्गांवर उडवत होती. आणि कंपनीचे स्वतःचे नवे वैमानिक – ज्यांना त्यानं हाताला धरून शिकवलं – अर्ध्या पगारावर घरात बसून फोनकडे बघत होते. आज दुपारी त्यावरच बैठक होती, युनियनचा चिटणीस म्हणून बोलायचं होतं त्यानंच, आणि बैठकीला पोचायला मिळालं ते नेमकं हेच विमान, प्रवासी म्हणून, मधल्या रांगेत खिडकीशी! दैवाला तरी काही लाज?

"पोटाचं बोलू नकोस," सकाळी काका फोनवर म्हणाले होते. काका म्हणजे युनियनचे अध्यक्ष. काका तसे कुणाचेच नव्हते, पण सगळे त्यांना काकाच म्हणत. "पोटाचं काढलं की लोक विचारतात, तुमचे पगार किती? जिवाचं बोल. हे बाहेरचे लोक धोक्याचे आहेत, एवढं ठासून सांग, ठेका रद्द होतो की नाही बघ. आणि बसतोयस ना त्यांच्याच विमानात? मग डोळे उघडे ठेव. काहीतरी सापडेलच."

ठेवले डोळे उघडे. उड्डाण… स्वच्छ. वळण… स्वच्छ. मग कॅप्टनचा आवाज, बाईचा, तरुण – "आपल्या विमानसेवेत आपलं स्वागत आहे." आपल्या! तुझी कधीपासून झाली गं? सुनेच्या भातात खडा शोधणाऱ्या सासूसारखा तो कान लावून बसला होता, इंजिनाच्या घरघरीत, पंखांच्या थरथरीत, आणि खडा काही लागेना, आणि लागत नव्हता म्हणून तो चिडत होता. शेजारी एक मावशी पिशवी मांडीवर घेऊन तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या, मागे कुणाचं तरी तान्हं किरकिरत होतं, आणि विमान खाली यायला लागलं तेव्हा त्याच्या आत कुणीतरी अगदी शांतपणे म्हणालं – आदळू दे. फार नाही. एकदाच, जरा जोरात, आदळू दे.

कोण म्हणालं? … मीच म्हणालो. एवढी डोकी समोर दिसतायत, मागे ते तान्हं, आणि मी हे मागितलं. त्यानं खिडकीबाहेर बघितलं.

ही धावपट्टी त्याच्या ओळखीची होती. तिची खोड ठाऊक होती – डावीकडच्या उंच शेडवरून वारा उसळतो आणि अगदी टेकता टेकता बगलेत ढुशी देतो. आलीच ढुशी. पंख कलला, सावरला, पुन्हा कलला. त्याचा हात समोर नसलेल्या सुकाणूच्या दांड्यावर आवळला गेला, पाय आपोआप दाबले गेले – सोड, सोड ही पट्टी, वर जा – आणि त्याच क्षणी इंजिनं गरजली, नाक उचललं गेलं, अगदी खाली आलेली जमीन पुन्हा दूर जायला लागली. किंकाळ्या. वरून कुणाची तरी बॅग कोसळली. मावशींनी दचकून त्याचं मनगट धरलं.

बिनचूक. क्षणाचाही उशीर नाही, हट्ट नाही. हेच तर तो शिकवायचा, वर्गात टेबलावर हात आपटून – उतरण्याचा हट्ट करू नका रे, शंका आली की वर जा, फिरून पुन्हा या. वर गेलेल्या माणसाला मी कधी नापास केलं नाही.

"अहो, तुम्ही पायलट ना?" मावशींचा आवाज कापत होता. "काय झालं हो? उतरवता येईना का त्यांना?"

पुढची दोन डोकी वळली. मागचीही बहुतेक. काही नाही मावशी, वारा फिरला, बाईनं योग्य तेच केलं – वाक्य जिभेवर तयार होतं, अगदी तयार, फक्त सोडायचं होतं…

"बाहेरचे आहेत हो हे लोक," तो म्हणाला.

एवढंच. यातला एक शब्द खोटा नव्हता. पण ते वाक्य रांगारांगांतून सरकत गेलं, आणि तो ऐकत राहिला – बाहेरचे आहेत म्हणे… शिकाऊ आहेत म्हणे… अहो, पायलटच सांगतोय तो… कुणीतरी मोबाइल वर धरून चित्रण करत होतं. दुसऱ्या खेपेला विमान इतकं अलगद टेकलं की रडून रडून नुकतं झोपलेलं तान्हंसुद्धा जागं झालं नाही, पण त्याकडे लक्ष द्यायला कुणी रिकामं नव्हतं.

दाराशी ती कॅप्टन उभी होती. पोरसवदा, कॉलर घामानं भिजलेली. एक गृहस्थ तिच्यावर ओरडत होता – "उतरवता येत नाही तर बसता कशाला तिथे? आमचा जीव काय रस्त्यावर पडलाय?" ती "वारा अचानक…" एवढंच म्हणत होती आणि तो तिला पुढे बोलू देत नव्हता. मग तिला याच्या खांद्यावरच्या पट्ट्या दिसल्या. तिचा चेहरा एकदम खुलला, माहेरचं माणूस दिसावं तसा.

"सर, तुम्ही तरी सांगा ना यांना."

सांगायचं होतं. देवाशप्पथ सांगायचं होतं, तोंडही उघडलं होतं. पण मागून मावशीच बोलल्या, भाबडेपणानं, त्याच्या बाजूनं – "अगं, त्यांनीच तर सांगितलं आम्हाला. बाहेरचे लोक म्हणून असं होतं म्हणाले."

असं होतं, असं मी म्हणालो नाही, मावशी. … पण हे कुणाला सांगणार? ती त्याच्याकडे बघत राहिली. रागावली नाही. मघाशी त्यानं त्या डिंकाकडे जसं बघितलं होतं तसं बघितलं, आणि त्याला जायला वाट मिळावी म्हणून एक पाऊल मागे सरकली. शी म्हणाली असती तर बरं झालं असतं.

बाहेर पडतोय तोच फोन वाजला. "देव पावला की रे!" काका खिदळत होते. "चित्रण सगळीकडे फिरतंय. आणि आपला चिटणीस स्वतः आत! लोक घाबरले ना?"

"घाबरले."

"पहिल्यांदा उतरवता आलं नाही ना?"

"… नाही."

"बस्स. एवढंच बोल दुपारी. ठेका गेलाच समज."

एवढंच. पुन्हा एक शब्द खोटा नाही. लांबलचक मार्गिकेतून तो चालत राहिला – मी स्वतः त्या विमानात होतो; विमान जमिनीजवळ येऊन पुन्हा वर गेलं; प्रवासी किंचाळले – एकेक खरं वाक्य पुसून-पासून एकापुढे एक लावत, आणि अंगठा मात्र नखातला तो डिंक कोरत होता, जो निघत नव्हता. हे सगळं पोरांसाठी. घरी बसलेल्या पोरांसाठीच ना? ठेका गेला की ती परत येतील, वर्गात बसतील, मी टेबलापाशी उभा राहीन, आणि त्यातला एखादा हात वर करून विचारेल – सर, अगदी टेकायच्या वेळी शंका आली तर?

उत्तर त्याला पाठ होतं. चालता चालता त्यानं ते म्हणायला तोंड उघडलं – शंका आली की… – आणि भडभडून आलं. तो भिंतीला हात टेकून उभा राहिला, तोंड तसंच उघडं.