उघडा राजा

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी धावड्याच्या बिभीषण बोराडे यांनी जालना शहरातल्या मस्तगड भागात रामराव मुळे यांच्या दुकानात काउंटरवर एक पिवळा कागद ठेवला आणि त्यावर पंजा दाबून धरला.

कागद म्हणजे स्कोअरशीटची कार्बन प्रत होती. सदतीस वर्षांपूर्वीच्या राष्ट्रीय 'ब' बुद्धिबळ स्पर्धेतला शेवटच्या फेरीचा डाव. पांढरी मोहरी बोराडे, काळी मुळे. दोघेही तेव्हा चोवीस वर्षांचे, दोघेही जालना जिल्ह्याचे.

समोर सुमेधा बसली होती. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांच्या इतिहासाचे जाड पुस्तक तिच्या संपादनाखाली निघत होते. त्यातले मराठवाड्याचे प्रकरण मुळे यांनी लिहिले होते. पान एकशे बत्तीसवर त्यांचे वाक्य होते: 'अखेरच्या फेरीत रामराव मुळे यांनी चिवट बचाव करून बरोबरी साधली व राष्ट्रीय 'अ' स्पर्धेत प्रवेश मिळवणारे जिल्ह्यातील पहिले खेळाडू ठरले.' सुमेधाने कच्ची प्रत पडताळणीसाठी बोराडेंना पाठवली होती. ती वाचून ते पहिल्या एसटीने आले होते.

"हात तं काढ," मुळे म्हणाले. "वाचू दे पोरीला."

"वाचू दे. पण कागद उचलायचा न्हाई. मागच्या टायमाला मी हात उचलला, त्याचंच हे सगळं व्हऊन राह्यलं."

सुमेधाने वाकून चाली वाचल्या. त्रेसष्टाव्या चालीला पांढऱ्या हत्तीने काळ्याचे शेवटचे प्यादे घेतले होते. पटावर उरले पांढऱ्याचा राजा आणि हत्ती, काळ्याचा नुसता राजा. शाळेतले पोरही इथून मात करते. खाली निकाल होता: अर्धा-अर्धा. त्याखाली दोघांच्या सह्या.

"काका, इथे बरोबरी कशी?"

बोराडेंनी सांगितले ते असे. धावड्यात पारावर जुना देशी डाव चालायचा. समोरच्याचा राजा एकटा उरला की त्याला मात करत नसत. जिंकणारा म्हणे, 'राजा उघडा पडला', आणि हात पुढे करी. हरणारा तो धरून आधी उठे. मेलेल्याला काय मारायचे, अशी समजूत. बोराडे चुलत्याकडून तिथेच शिकले. शेवटच्या फेरीत पाच तास खेळून शेवटचे प्यादे घेतले, तेव्हा त्यांचा हात आपसूक पुढे गेला. मुळेंनी तो धरला आणि पंचांना बोलावून सांगितले, यांनी बरोबरी देऊ केली, मी घेतली. पंचांनी बोराडेंना एकच प्रश्न विचारला: हात आधी कोणी पुढे केला? बोराडे म्हणाले, मी.

"तिथंच मिटलं," मुळे म्हणाले. "सही केली ना तू?"

"केली. पंच म्हणला, कर. केली."

फेरीआधी मुळे अर्ध्या गुणाने पुढे होते. बोराडेंना जिंकणे भाग होते, मुळेंना बरोबरी पुरेशी होती. मुळे 'अ' स्पर्धा खेळले आणि शेवटून दुसरे आले. पुढे ते जिल्हा संघटनेचे सचिव झाले. बोराडे पुन्हा 'ब'पर्यंतही पोचले नाहीत. त्यांच्या पत्नी दैवशाला आजही पाहुण्यांना चहा देताना म्हणतात, "यांच्या हातात पहिला कप द्या बरं, न्हाईतर हात पुढं करून बसतील."

"नियम सगळ्यांना एकच," मुळे म्हणाले. "राष्ट्रीय स्पर्धेत काय धावड्याची रीत चालती का? अन् मला कुठं माहीत तुमची रीत?"

"रामराव, तुझं आजोळ धावडा."

मुळेंनी गल्ला उघडला आणि पुन्हा बंद केला.

"उन्हाळ्यात पारावर माझ्या काकाकडून सात डाव हारल्ता तू. साती टायमाला उघडा राजा. साती टायमाला काकाचा हात धरून तूच आधी उठला. परक्या गावचा गडी असता तं माझा हात पाहून गोंधळला असता. तू बिलकुल न्हाई गोंधळला."

"लहान होतो तवा मी," मुळे म्हणाले.

सुमेधाने ते लिहून घेतले.

"ते लिहू नको."

"तुम्हीच बोललात, काका."

"बोललो म्हणून काय छापायचं? मंग माझा खुलासा पण छाप. बराबर पानभर."

सुमेधा बोराडेंकडे वळली. "तुम्हाला निकाल बदलून हवाय का?"

"न्हाई. माझी सही हाये त्याच्यावर. बरोबरी म्हंजे बरोबरी." त्यांनी पंजा थोडा सरकवला, कागद मात्र सोडला नाही. "ते 'चिवट बचाव' तेवढं काढा. अन् शेवटचा पट छापा. माझा राजा, माझा हत्ती, त्याचा राजा. खाली एक शब्द लिहू नका. लोकायला मोहरे मोजता येत्यात."

मुळे हसले. "एवढ्यासाठी आला धावड्याहून?"

"एवढंच गेल्तं माझं."

पुस्तकाची समिती तिघांची आहे. वादाचा मजकूर समितीसमोर ठेवावा, असा तिचा ठराव आहे. सुमेधाने तो वाचून दाखवला आणि मूळ कागद मागितला. फोटो चालणार नव्हता. बोराडेंनी पंजा उचलायला बराच वेळ घेतला. तिने कागद पाकिटात घातला आणि पोच लिहून दिली. समितीचे अध्यक्ष रामराव मुळे आहेत.

बैठक बुधवारी झाली. वर्षभरातली ती पहिली बैठक, जिचे इतिवृत्त सुमेधाला मिळाले नाही. गुरुवारी बोराडेंनी तिला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तिने सांगितले की पाकीट अध्यक्षांकडे आहे.

शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता फाईल अध्यक्षांच्या सहीने छापखान्यात गेली. तिच्यात पान एकशे एकतीस होते आणि एकशे तेहतीस होते. एकशे बत्तीसवर फक्त पानाचा आकडा होता.