न चाखलेलं मीठ

"मावशी, अळूवडी नाही ही. स्ट्रॉम्बोली म्हणा," श्रद्धा मोबाइलमधून डोळे न काढता म्हणाली.

मालनबाईंनी मान डोलावली. मैद्याची पोळी लाटायची, वर चिकन सलामीच्या चकत्या आणि चीज पसरायचं, गुंडाळी करून ओव्हनमध्ये ठेवायची. नाव काही का असेना, काम अळूवडीचंच होतं. धायरीहून कोथरूडला येऊन त्या अकरा वर्षं ह्या घरात स्वयंपाक करत होत्या. अकरा वर्षांत मीठ कधी चुकलं नव्हतं. मिरवायला त्यांच्याकडे एवढंच होतं, आणि ते त्या चारचौघींत मिरवत.

तेही चव न बघता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाखला होता. श्रद्धाने पातेलंभर आमटी सिंकमध्ये ओतली आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं, "मावशी, आमच्याकडे स्वयंपाक करताना तोंडात काही घालायचं नाही हं. उष्टं होतं." पुण्यात अपमानसुद्धा अहोजाहो करूनच होतो. तेव्हापासून मालनबाई अंदाजानेच मीठ घालत.

आज मात्र हात अडला. सलामी त्यांनी कधी खाल्ली नव्हती; ती मुळातच खारवलेली असते, हे त्यांना कोण सांगणार? घरी मटण आणलं की आधी मीठ चोळायचं, एवढं त्यांना ठाऊक.

"ताई, ह्याला मीठ लावायचं आसंल ना? येवढा तुकडा खाऊन बघता का?"

"लिपस्टिक लावलीय मी. आणि मीठसुद्धा मीच सांगायचं, तर तुम्ही कशाला येता?"

मालनबाईंनी चकत्यांना मीठ चोळलं.

श्रद्धाची ऑफिसातली बॉस उत्कर्षा नवऱ्याला घेऊन जेवायला आली. गुंडाळी छान फुगली होती, सुरीने दिलेल्या चिरांतून चीज बाहेर येत होतं. "सकाळपासून खपतेय. सगळं घरी, माझ्या हातचं," श्रद्धा सांगत होती.

पहिल्याच घासाला उत्कर्षाने पाणी मागितलं. तिच्या नवऱ्याने घास कागदी रुमालात काढून ठेवला. श्रद्धाने एक तुकडा तोडला आणि तिला एकदम मावशी आठवल्या.

"मावशी! काय केलंत हे?"

"चव नाही का हो बघितलीत?" उत्कर्षाने विचारलं.

मालनबाईंनी श्रद्धाकडे पाहिलं. ती खरं ते सांगेल, असं त्यांना अजूनही वाटत होतं.

"त्यांना कुठली आलीय चव!" श्रद्धा हसली. स्वतः चावलेला तुकडा बशीसकट तिने पुढे केला. "आता बघा. इथेच, आमच्यासमोर. सगळा संपवायचा हं, अन्न टाकायचं नाही."

मालनबाईंनी तो उभ्यानेच खाल्ला. जीभ सोलून निघाली. पाणी कुणी विचारलं नाही. आमटीच्या त्या थेंबानंतर ह्या घरात त्यांच्या तोंडात गेलेलं हे पहिलंच काही.

"खारट झालंय," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं."

"उद्यापासून येऊ नका."

मालनबाईंनी आत जाऊन बशी घासली, पुसली आणि उरलेल्या पाच बशांवर ठेवायला गेल्या.

"ती तिथे नको," मागून श्रद्धा म्हणाली. "घेऊनच जा तुम्ही."

धायरीच्या बसमध्ये त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. काचेची बशी पदरात गुंडाळून मांडीवर होती. खड्डा आला की त्या तिला दोन्ही हातांनी सांभाळत होत्या.