शिळेचा श्वास

धक्क्यावरच्या गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध काचेची पेटी, तिच्यात खारं पाणी आणि पाण्यात वांग्याएवढी, डोक्याला भोक असलेली पिवळी 'प्राणशिळा'. श्वासबाबांनी तिच्या कुशीशी जांभळ्या रंगाचे थेंब सोडले. जरा वेळाने वरच्या भोकातून धुरासारखा जांभळा रंग निघाला आणि सगळे थक्क झाले.

"शिळा तुमचा दमा पिते आणि वर फेकून देते," बाबा म्हणाले. अट एकच, अकरा दिवस औषधाला शिवायचं नाही.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई आपल्या आईला शोधत तिथे आल्या होत्या. आईने दम्याचा पंप कपाटात टाकून सात दिवस झाले होते. सकाळीच ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर धापा टाकत बसली होती. बाईंनी रागावून पाहिलं, विनवून पाहिलं. पण आईचं एकच पालुपद, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आता शिळा बघताच बाईंना हसू फुटलं. ती शिळा नव्हतीच.

त्या तडक आपल्या मामांकडे गेल्या. मामा बुडी मारून होड्यांचे तळ खरवडत. असलं काहीबाही मी रोज खरवडून टाकतो, म्हणाले, आणि तीन नग पाण्याबाहेर न काढता बादलीतून घेऊन आले.

दुपारी बाईंनी गोदामात परतून बादलीतले तिन्ही नग बाबांच्या पेटीशेजारी खाऱ्या पाण्याच्या काचेच्या बरणीत ठेवले. माझ्या स्पर्शाशिवाय शिळा जागी होत नाही, असं बाबांनी बजावलं. बाईंनी रंगाची बाटली आईच्या हातात दिली. आईने थेंब सोडले. थोड्याच वेळात तिन्ही डोक्यांतून रंग उसळला.

"हा स्पंज, आई. जिवंत प्राणी आहे. अंगभर बारीक भोकं. आतल्या पेशींना केसासारखे शेपटे असतात, ते वळवळून पाणी आत ओढतात. पाण्यातले कण खायचे आणि उरलेलं पाणी वरून बाहेर."

"आणि फुप्फुसं?"

"नाहीत. तोंड, पोट, हृदय, काहीच नाही."

आई बरणीकडे बघतच राहिली. मग खुदकन हसली. "म्हणजे मी ज्याच्याकडे श्वास मागत होते, त्यालाच फुप्फुस नाही."

गोदाम हसण्याने दणाणलं. बाबांनी पेटीवर कापड टाकलं. शिळा दमली होती म्हणे.

बाईंनी पर्समधून घरून आणलेला पंप काढला. आईने दोनदा औषध ओढलं, थोडी थांबली आणि गर्दीकडे वळली.

"नवल बघा, हवं तितकं बघा. पण हे होतं कसं, ते आधी विचारा. आणि ज्यांनी ज्यांनी औषध बंद केलंय, त्यांनी आधी घर गाठून औषध घ्यावं."